डाव्या पंखाची शिवण

पंख चादरीत गुंडाळून आणला होता. चार माणसांनी तो खांद्यावरून उतरवला आणि आमच्या शिवणखात्यातल्या लांब टेबलावर ठेवला, तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघींनी कपाळाला आणि छातीला हात लावून क्रूसाची खूण केली. शिलाईयंत्रं एकेक करत थांबली. मागून कारखान्याचे मालक, मोठे ओबार, आले. धाकट्या भावाला पुरून त्यांना आठवडासुद्धा झाला नव्हता. दाढी वाढली होती, कोटाची गुंडी भलत्याच काजात अडकवली होती, आणि त्यांना ती दाखवायची हिंमत कुणात नव्हती.

“लुसियाँच्या विमानाचा डावा पंख,” ते म्हणाले. “कुणी शिवला होता?”

आमच्या खात्याच्या मुख्य क्लोतिल्दबाई माझ्याकडे बघायचं इतकं कटाक्षाने टाळत होत्या, की साऱ्या खोलीला उत्तर कळलं.

“मी,” मी म्हणाले.

ओबारांनी चादर बाजूला केली. चिखल, तेल, मोडलेल्या लाकडी पट्ट्या आणि त्यांना लोंबणाऱ्या कापडाच्या चिंध्या. टोकाकडचा हातभर भाग तेवढा धड राहिला होता.

“उद्या लष्कराचे कप्तान येतील. त्यांनी हे एकदा पाहिलं आहे. लाकूड आधी मोडलेलं नाही, तारा आधी तुटलेल्या नाहीत. आधी उसवली ती शिवण. वर, हवेत. मग वारा आत शिरला आणि कापड फाटत गेलं.” त्यांनी एक लोंबती चिंधी उचलून परत ठेवली. “लष्करासाठी बांधलेली विमानं ते घेणार की नाही, ते उद्या ठरेल. एका हाताची चूक झाली आणि तो हात आता आमच्याकडे नाही, एवढं मला त्यांना सांगता आलं पाहिजे. उद्यापर्यंत कुठे जाऊ नका, मादाम.”

“मी कुठे जाणार?” मी म्हटलं.

खरं म्हणजे मला न्यायला माणूस येऊन बसला होता.

मी वाईची, थत्त्यांची सून. थत्ते हे आडनाव फ्रेंच जिभेला पेलत नसे, म्हणून कारखान्यात सगळे मला मादाम सागूना म्हणत. नाव सगुणा. आमचे हे एका छोट्या संस्थानाच्या राजेसाहेबांकडे मोटारींवर होते. राजेसाहेबांनी त्यांना इंजिनांचं काम शिकायला पॅरिसला धाडलं, तेव्हा हे म्हणाले, जायचं तर दोघांनी. वाईत गहजब झाला. समुद्र ओलांडला म्हणून त्यांच्यावर बहिष्कार, आणि नवऱ्याच्या मागोमाग हसत ओलांडला म्हणून माझ्यावर दुप्पट. आम्ही दोघं पॅरिसला लागून असलेल्या प्युतोला, सीन नदीच्या काठच्या एका खोलीत राहत होतो आणि मजेत होतो. दुसऱ्या हिवाळ्यात यांचा ताप छातीत उतरला. आठवड्याभरात मी एकटी उरले.

घरून सांगावा आला तो असा, की परत यावं, प्रायश्चित्त घ्यावं, आणि राहिलेला विधी उरकावा. राहिलेला विधी म्हणजे काय ते आजच्या मुलींना सांगावं लागतं. पाटावर बसवून न्हाव्याकडून डोकं भादरून घ्यायचं, लाल आलवण नेसायचं आणि माजघरामागच्या खोलीत उरलेलं आयुष्य काढायचं. विधवेने वेणी राखली, तर त्या वेणीने नवरा परलोकात बांधला जातो, असं सासूबाई मनापासून मानत. मी परत गेले नाही. माझे केस तेव्हा गुडघ्याला टेकत, आणि ह्यांचा त्यांच्यावर फार जीव होता. ज्यांचा जीव होता त्यांच्याच नावाने ते उतरवायचे, हे माझ्या डोक्यात काही केल्या शिरेना.

क्लोतिल्दबाई माझ्या वरच्या मजल्यावर राहत. त्यांचा नवरा रेल्वेत होता, तो रुळांवर अपघातात गेला. हे गेल्यानंतर त्या खाली आल्या, आपला एक जुना काळा झगा माझ्या पलंगावर टाकला आणि म्हणाल्या, “रडणं आटोपलं की सांग. सुई धरता येते ना?” अशी मी ओबार बंधूंच्या कारखान्यात आले आणि विमानांचे पंख शिवू लागले.

तेव्हा विमान म्हणजे लाकडाच्या पट्ट्या, तारा आणि वर ताणून शिवलेलं तागाचं कापड. त्या कापडावर रोगण चढवलं की ते ढोलकीच्या कातड्यागत ताठ होई. शिवायला बायका कुठून आणायच्या? ओबारांनी त्या नवरीचे झगे शिवणाऱ्या दुकानांतून आणल्या. आणि बायकांनी येताना आपली एक रीत बरोबर आणली. तिकडे झगा पुरा होत आला, की शिवणारी आपल्या डोक्यावरचा एक केस काढून शेवटच्या टाक्यांबरोबर दुमडीत शिवून टाके. का, तर नवरीचं भलं होतं, आणि शिवणारीचंही. इथे नवरी नव्हती. वर जाणारा माणूस होता. तो धड खाली यावा म्हणून पंखाच्या टोकाला, दुमडीच्या आत, प्रत्येक जण आपला एक केस घाली.

एकदा एका पोरीच्या पंखात केस सापडला आणि ओबारांना ते कळलं. “हे यंत्र आहे, नवरीचा झगा नाही! लष्कराच्या माणसाने पाहिलं तर माझी काय शोभा राहील?” त्यांनी त्या पोरीला तिथल्या तिथे काढलं आणि बजावलं, की पुन्हा केस सापडला तर जिचा असेल तिलाच नाही, तिच्या अख्ख्या रांगेला घरी पाठवीन. ओबार मनाने वाईट नव्हते, पण त्यांचा सगळ्यावर उपाय एकच, बंदी. कारखान्यात गाण्याला बंदी, खिडकीत उभं राहायला बंदी, आपल्या कारखान्याबाहेर शिवलेला पंख विमानाला लावायला तर सक्त बंदी. त्या दिवसानंतर आमच्या खात्यातून एकही पंख केसावाचून बाहेर पडला नाही.

मी मात्र सुरुवातीला घालत नव्हते. आमच्याकडे ताटात केस निघाला तर माणूस पानावरून उठतो. क्लोतिल्दबाईंच्या ते लक्षात आलं.

“तुझा केस कुठे आहे?”

“माझा नको, बाई. मी विधवा आहे. आमच्यात विधवेचा केस म्हणजे अपशकुन. त्याने माणूस बांधला जातो.”

“मी कोण आहे मग? कुमारी मरियम?” त्या म्हणाल्या. “माझा पिकलेला केस घालून आजवर इतकी विमानं गेली, ती काय झाडाला बांधून ठेवलीत? काढ एक. आणि मानेवरचा काढ, तो लांब असतो.”

मी काढला. इतक्या सोनेरी, तांबूस आणि पिकल्या केसांत तेवढा एक काळा. टाका ओढून घेतला तेव्हा मनात एक भलताच आनंद होता. वाईला जो केस जमिनीवर पडायचा होता, तो इथे आकाशात निघाला होता.

धाकटे ओबार, लुसियाँ, हे आमचं सगळ्यांचं लाडकं माणूस. विमान बाहेर काढलं की ते पंखावर टिचकी मारून खिडकीकडे बघत ओरडायचे, “मादाम सागूना, आज कुठवर जाऊ?”

“परत येता येईल तिथवर!” मी म्हणायची.

ते दक्षिणेकडे शर्यतींच्या दौऱ्यावर गेले आणि तिथल्या एका मैदानावर, हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत पडले. डावा पंख. माझा.

पंख टेबलावर आला त्या संध्याकाळी मी खोलीवर आले, तर भाऊजी जिन्यात उभे. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, त्रिंबक. राजेसाहेब त्या साली युरोपच्या सफरीवर आले होते आणि त्यांच्या लवाजम्यात हे कारकून म्हणून होते. मला घेऊन यायची कामगिरी सासूबाईंनी त्यांच्यावर टाकली होती. माणूस गरीब. माझ्या खोलीतलं पाणी पिणार नव्हते, पण तसं म्हणायचीही त्यांना लाज वाटत होती, म्हणून तहान नाही म्हणाले.

“तुमच्या माहेरून दिलंय, त्या दिवशी द्यायचं राहिलं,” म्हणत त्यांनी एक फडक्याची पुरचुंडी पुढे केली. मेतकूट होतं. आईच्या हातचं. मी ते तिथेच बोटाने चाटून खाल्लं आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच, तिथे त्यांच्यासमोर, रडले. तेही रडले. मग त्यांना कामाची आठवण झाली.

“वहिनी, उद्या दुपारी मार्सेयच्या गाडीत बसायचं. तिथून बोट. राजेसाहेबांनी तुमची सोय करायला सांगितलीय.”

“मी येत नाही म्हणून तुम्हाला आल्या दिवशीच सांगितलं, भाऊजी.”

“आईला झोप नाही हो. दादा स्वप्नात येतो म्हणते. हात बांधलेले असतात म्हणे. केसांनी.” ते माझ्याकडे न बघता बोलत होते. “आणि मी म्हणतो, केसांचं काय एवढं? वाढतात.”

“वाढू देतात का?”

दर पंधरवड्याला न्हावी येतो, हे त्यांनाही माहीत होतं. त्यांची आत्या त्याच घरात, त्याच मागच्या खोलीत म्हातारी झाली होती.

“मला इथे काम आहे, भाऊजी. कामावर आहे तोवर ही खोली आहे. कुणाचं मिंधं राहायला नको.”

“उद्याही असेल का काम?” त्यांनी हळूच विचारलं. “खालची दारवान बाई काहीतरी सांगत होती. खुणांनी. कुणीतरी पडलं, आणि तुमच्याकडे बोट.”

मी त्यांना सगळं सांगितलं. केसाचंही सांगितलं. सांगायला नको होतं, पण मराठीत बोलायला माणूस मिळालं होतं आणि तोंडाला खीळ राहिली नाही. ऐकून त्यांचा चेहरा उतरला.

“वहिनी,” ते कुजबुजले, “त्याच्या पंखात तुमचा केस होता?”

“होता.”

उद्या सामान बांधून ठेवा, मी कारखान्यावरच येतो, एवढं म्हणून ते जिना उतरून गेले.

मी वेणी सोडून बसले. खोटं कशाला बोलू, त्या संध्याकाळी मला माझ्याच केसांची भीती वाटली. क्लोतिल्दबाईंसमोर मी कितीही हसले असले, तरी वाईचं पाणी पोटात होतं. आधी हे गेले. आता ज्याच्या पंखात मी स्वतःचा केस घातला, तोही गेला. सासूबाईंचं खरं असेल तर? नोकरी जाण्याचं दुःख होतंच, पण नोकरी गेली म्हणून मी बोटीवर चढले असते, तर रडत-भांडत चढले असते. हे दुसरं खरं ठरलं असतं, तर मी आपणहोऊन पाटावर जाऊन बसले असते आणि न्हाव्यापुढे मान वाकवली असती. मला त्याच मानेची धास्ती होती.

सकाळी मी सामान बांधलं नाही. मनाशी एकच ठरवलं, की त्या पंखातला तो केस स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा. जे असेल ते बघायचं, चादरीखाली झाकून नाही ठेवायचं.

कप्तान उंच, बारीक, मिशीवाले होते. टेबलाच्या एका बाजूला ते आणि मोठे ओबार, दुसऱ्या बाजूला मी. बाकीच्या बायका आपापल्या जागी, हात मांडीवर. भिंतीशी लुसियाँचा मेकॅनिक गास्ताँ उभा होता. दौऱ्यावर तोच बरोबर होता. टोपी हातात घेऊन तो तिच्या कडा बोटांनी कुरतडत होता, आणि मान वर करत नव्हता. बाजूच्या लाकडी घोड्यांवर लष्करासाठी शिवून तयार असलेले पंख ओळीने ठेवले होते, रोगण अजून चढायचं होतं. दारात, हातात माझ्यासाठी आणलेलं तिकीट धरून, भाऊजी उभे होते. त्यांना तिथे कुणी बोलावलं नव्हतं आणि हाकलायचंही कुणाला सुचलं नाही.

कप्तानांनी चिमट्याने शिवणीतले धागे उचलून दाखवले. “टाके लांब आहेत आणि ढिले. ही बाई किती वर्षं काम करते?”

“दोन,” ओबार म्हणाले. “परदेशी आहे. माझ्या भावाने दया येऊन ठेवली होती.”

“हिला कामावर मी ठेवलं,” क्लोतिल्दबाई जागेवरून म्हणाल्या. “आणि दया येऊन नाही.”

“तुम्हाला विचारलेलं नाही,” ओबार म्हणाले.

“मला विचारलंय,” मी म्हणाले. माझ्या आवाजाचं मलाच नवल वाटलं. “मला दोषी ठरवायचं असेल तर ठरवा. पण माझी शिवण मला उसवू द्या. टोकाची. तेवढी धड आहे.”

“कशासाठी?” कप्तानांनी विचारलं.

“माझी आहे म्हणून.”

त्यांनी खांदे उडवले. मी कात्रीचं टोक दुमडीत घातलं आणि एकेक टाका कापत गेले. मी काय शोधतेय ते फक्त बायकांना माहीत होतं, आणि ते सापडलं तर अख्खी रांग घरी जाणार, हेही त्यांना माहीत होतं. तरी कुणी मला थांबवलं नाही. मी दुमड उलटली. बोटाने चाचपली. दिव्याखाली नेली.

केस नव्हता.

मी आणखी वीतभर उसवलं. कापड आमचंच होतं, तोच ताग, पण दुमडीत काही नव्हतं. धाग्याशिवाय काही नव्हतं.

“हा पंख माझा नाही,” मी म्हणाले.

ओबार भडकले. “काल सगळ्यांसमोर कबूल केलंत!”

“काल नुसता वरवर पाहिला होता. हा मी शिवलेला नाही.”

“कशावरून?” कप्तान आता पुढे वाकले होते.

सांगावं, तर या सगळ्या बायकांची भाकरी जाते. न सांगावं, तर मी जाते. मी दाराकडे पाहिलं. भाऊजींच्या हातातलं तिकीट दिसत होतं. मी तोंड मिटून घेतलं. माझ्यासाठी त्या सगळ्यांना बुडवायचा मला काय अधिकार होता?

तेवढ्यात मागे कापड टरकल्याचा आवाज आला.

क्लोतिल्दबाई घोड्यावरच्या नव्याकोऱ्या पंखाशी उभ्या होत्या, आणि त्यांनी त्याच्या टोकाची शिवण कात्रीने सरळ उघडली होती. लष्कराचा पंख! बाईंनी दुमड उलटली, दोन बोटांनी आतून काहीतरी ओढलं आणि कप्तानांच्या नाकासमोर धरलं.

“माझा,” त्या म्हणाल्या. “पिकलेला. हा पंख मी शिवला.”

मग रांगेतली दुसरी उठली. कुणी खूण केली नव्हती, आधी काही ठरलं नव्हतं. एकेक जण आपल्या पंखाशी गेली आणि कात्री चालवत गेली. सोनेरी निघाला. तांबूस निघाला. एका पोरीचा कुरळा निघाला, तो सरळच होईना. शेवटी मी माझ्या पंखाशी गेले, उसवला, आणि माझा काळा केस बाहेर आला, ओढावा तेवढा लांब.

“या कारखान्यातून बाहेर पडलेल्या प्रत्येक पंखात शिवणारीचा केस आहे,” क्लोतिल्दबाई म्हणाल्या. “मस्यू ओबारांची बंदी आहे, म्हणून तर जास्तच काळजीने घालतो. त्या मोडक्या पंखात नाही. तो आमच्या हातचा नाही.”

कप्तानांनी एकेक केस वाकून पाहिला. “लष्कराने आधी घेतलेल्या विमानांतही?”

“सगळ्या.”

“मी स्वतः त्यातल्या एकातून उडालोय.”

“आणि परत आलात,” बाई म्हणाल्या.

ओबार टेबलावर मूठ आपटून ओरडले, “कापड आमचं आहे! मग शिवलं कुणी? भुताने?”

“तंबूवाल्याने,” गास्ताँ म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. टोपी त्याच्या हातातून पडली होती, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

“शर्यतीच्या आधी, उतरताना विमान काटेरी कुंपणात शिरलं. डाव्या पंखाचं कापड पार फाटलं. लुसियाँना स्वतःला ओरखडासुद्धा आला नाही, हसतच बाहेर आले. बरोबर जादा कापड होतं. गावात सर्कशीचे तंबू शिवणारा एक होता, त्याने एका दिवसात शिवून दिलं. मी म्हटलं, तार करू या, नवा पंख मागवू या. ते म्हणाले, भाऊ बाहेरच्या पंखावर उडू देणार नाही, बंदी घालेल, शर्यत जाईल. मला शपथ घातली, मस्यू. मेलेल्या माणसाची शपथ कशी मोडायची, ते मला कळत नव्हतं.”

बाकी काही मला ऐकू येईना, एवढंच कानात घुमत राहिलं: ओरखडासुद्धा आला नाही. माझ्या पंखावर होते तेव्हा ते काट्यांत पडले आणि हसत बाहेर आले. पडून गेले ते दुसऱ्याच पंखावर. केसाने विमान तरतं, असं मी तेव्हाही मानत नव्हते आणि आजही मानत नाही. पण माझ्या केसाने माणूस मरतो, हे मात्र मी आदल्या संध्याकाळी जवळजवळ मानलं होतं. ते भूत माझ्या मानेवरून उतरलं आणि पुन्हा कधी बसलं नाही.

ओबार खुर्चीत बसले होते. “त्याने मला का नाही सांगितलं?” ते कुणाला तरी विचारत होते. “मला का नाही सांगितलं?”

क्लोतिल्दबाईंनी कात्री खाली ठेवली. त्यांचा आवाज मघाइतका करडा नव्हता, पण त्यांनी शब्द गिळला नाही.

“तुम्ही बंदी घालता म्हणून, मस्यू. आम्हीही नाही सांगितलं.”

ते दोन्ही हातांत तोंड घालून रडले. ती गुंडी अजून चुकीच्याच काजात होती. एक पोर उठली, तिने ती नीट लावून दिली आणि परत जागेवर जाऊन बसली.

कप्तानांनी चिमटा खिशात ठेवला. “शिवणीचा दोष इथला नाही, एवढं मी लिहीन. केसांचं मी काही पाहिलेलं नाही.” आणि जाता जाता, कुणाचं लक्ष नाही असं वाटून, त्यांनी त्या कुरळ्या केसाच्या मुलीकडे बघून टोपीला हात लावला.

“सगळ्यांनी बंदी मोडलीत,” ओबार शेवटी म्हणाले.

“सगळ्यांनी,” बाई म्हणाल्या. “सगळ्यांना काढा. आणि लष्कराचे पंख तंबूवाल्याकडून शिवून घ्या.”

त्यांनी आमच्याकडे पाहिलं, ओळीने उसवून पडलेल्या पंखांकडे पाहिलं, आणि चादर परत त्या मोडक्या पंखावर ओढली. “हे पंख आज संध्याकाळपर्यंत रोगणाला गेले पाहिजेत,” एवढंच म्हणाले आणि बाहेर गेले. केसांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. आम्ही तो कधी सोडला नाही.

भाऊजी दारातच होते. फ्रेंच एक शब्द त्यांना कळला नव्हता, पण पंखांतून निघालेले केस त्यांनी पाहिले होते.

“वहिनी,” ते म्हणाले, “गाडीची वेळ झाली.”

“मग तुम्ही निघायला हवं, भाऊजी. जेवलात का काही?”

“तुम्ही…”

“मी येत नाही. काल येत नव्हते ते हट्टाने. आज येत नाही, कारण माझं तिथे काही देणं राहिलेलं नाही.”

ते तिकिटाची घडी करत राहिले, उलगडत राहिले. मग अगदी लहान मुलासारखं त्यांनी विचारलं, “आईला काय सांगू?”

मी डोक्यातले आकडे काढले. वेणी सुटून पाठीवर पडली, तशी त्यांनी सवयीने मान फिरवली. आमच्याकडे विधवेचे मोकळे केस बघत नाहीत. “बघा,” मी म्हणाले. “बघा भाऊजी. यांनी तुमच्या दादाचे हात बांधलेत असं दिसतंय का? ते असते तर लुसियाँच्या शेजारी जाऊन बसले असते आणि मला म्हणाले असते, शीव गं लवकर.”

त्यांनी पाहिलं. पहिल्यांदा चोरून, मग नीट. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि दादाचं नाव काढल्यावर ते थोडे हसलेसुद्धा.

मी मानेवरचा एक केस काढला, बोटाभोवती गुंडाळला, आणि आईच्या मेतकुटाची ती रिकामी पुरचुंडी खिशात होती, तिच्यात घालून गाठ मारली. त्यांच्या हातात दिली.

“हा सासूबाईंना द्या. म्हणावं, एवढा एकच मोकळा होता. बाकीचे कामावर आहेत.”

मग मी वेणी घातली आणि आत गेले. उसवलेला पंख संध्याकाळच्या आत शिवायचा होता.